पावणेसहाचं जेवण

जवाहर चौगुले यांना ज्यूरीवर घेतलं तेव्हा सांगलीत कुणाला नवल वाटलं नाही. हळदीच्या पेठेतलं अडत दुकान सांभाळत या माणसानं एकेचाळीस वर्षं गावातली फिल्म सोसायटी चालवली होती. महिन्याचा दुसरा रविवार आणि सकाळी नऊची वेळ त्यांनी कधी मोडली नाही. एका वर्षी पुराचं पाणी हॉलच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं, तरी त्या रविवारी आलेल्या सहाजणांना त्यांनी एक जपानी चित्रपट शेवटच्या पाटीपर्यंत दाखवला आणि मगच होडीची चौकशी केली. शितावरून भाताची परीक्षा करणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. कुणी मध्येच उठून गेलं आणि नंतर चित्रपटावर बोलायला लागलं, की जवाहरराव त्याला सर्वांदेखत विचारत, ‘तुमी पुरता बघितला का?’ त्यावर भले भले प्राध्यापक गप्प बसलेले लोकांनी पाहिले होते. खरा माणूस, असं गाव त्यांच्याबद्दल म्हणे. हे त्यांच्या कानावर होतं, आणि ते त्यांना आवडायचं. उगाच खोटं कशाला सांगा.

कृष्णा-वारणा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव हे नाव ऐकायला भारदस्त. पहिल्या वर्षी त्यातलं ‘आंतरराष्ट्रीय’ हे नेपाळच्या एका अकरा मिनिटांच्या लघुपटावर उभं होतं. पण संचालक नानासो यादव हे निवृत्त प्राचार्य, आणि निवृत्त प्राचार्यानं एकदा मनावर घेतलं की त्याला कोण आवरणार? यंदाच्या सहाव्या वर्षी स्पर्धेत सात देशांचे बारा चित्रपट होते. उद्घाटन आणि पहिले दोन दिवस साताऱ्यात, मग चार दिवस स्पर्धा सांगलीत आणि पाचव्या दिवशी निकाल. सर्वोत्तम चित्रपटाला मिळायचं ‘सुवर्णहळकुंड’. पितळेचं, वर सोन्याचा मुलामा. लोक नावाला हसायचे, पण त्याच्यामागं एक मोठी गोष्ट होती. सुवर्णहळकुंड मिळालेला चित्रपट दोन्ही जिल्ह्यांत, मेढ्यापासून आटपाडीपर्यंत, जिथं थिएटर आहे तिथं थिएटरात आणि नाही तिथं पडदा लावून, आठवडाभर दाखवला जायचा. बाकीचे चित्रपट चार दिवसांनी आपापल्या पेटीत बसून परत जायचे.

ज्यूरीवर यायला जवाहररावांची अट एकच होती. दिवस मावळायच्या आत जेवण. हा त्यांच्या घरातला वडिलांपासूनचा नियम, आणि एकदा दिवस मावळला की पाण्याचा घोटसुद्धा नाही. जानेवारीत सांगलीत सव्वासहाला सूर्य जातो, आणि स्पर्धेतला दिवसाचा तिसरा चित्रपट पावणेपाचला सुरू व्हायचा. नानासोंनी सुचवलं की साडेचारला जेवून घ्या. जवाहररावांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की बिचाऱ्यांना सभा तहकूब करावीशी वाटली असेल. साडेचारला माणूस चहा पितो. जेवण पावणेसहाला. ते बावन्न वर्षं पावणेसहाला होतं आणि महोत्सव आंतरराष्ट्रीय झाला म्हणून ते हलणार नव्हतं.

शेवटी तोडगा निघाला. जवाहररावांनी पावणेसहाला उठायचं, थिएटरच्या मॅनेजरच्या खोलीत जेवायचं आणि राहिलेला चित्रपट दुसऱ्या दिवशी पहाटे घरी लिंकवर बघायचा. लिंक म्हणजे स्पर्धेसाठी अर्ज करताना दिग्दर्शकांनी पाठवलेली प्रत. नानासोंना हा तोडगा इतका पसंत पडला की तो ज्यूरीच्या इतर दोघांना सांगायचाही राहून गेला. त्यांना इतकंच ठाऊक होतं की हे वडीलधारे गृहस्थ संध्याकाळी थोडा वेळ बाहेर जातात.

मग रोज पाच चाळीसला वखारभागातल्या घरून रिक्षानं चंदनबाला डबा घेऊन यायची. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याचा डबा चुकवला नव्हता आणि सोसायटीचा एकही चित्रपट पाहिला नव्हता. रविवारी सकाळी नऊला स्वयंपाकघरातून सुटका कुणाची होते? मॅनेजरच्या खोलीत दोघं समोरासमोर बसून जेवायची आणि जवाहरराव तिला चित्रपटाचा पहिला भाग सांगायचे. सांगायचे मात्र रंगवून. पुढं काय झालं, असं तिनं विचारलं की ते म्हणायचे, उद्या सांगतो. आणि उद्या नवा चित्रपट असायचा.

तिसऱ्या दिवशी पावणेपाचला ‘मूस’ लागला. दिग्दर्शिका आयेशा तांबोळी, वय एकोणतीस, मुक्काम आटपाडी.

इथं जवाहररावांची खरी पंचाईत होती. आयेशा ही चांदसाहेब तांबोळीची नात. चांदसाहेब हा जत्रेतल्या तंबूत सिनेमा दाखवणारा माणूस. जवाहररावांनीच त्याला शोधून सांगलीला आणला आणि मग सोसायटीचा प्रोजेक्टर त्यानं तीस वर्षं चालवला. आयेशा लहानपणी आजोबाबरोबर यायची आणि प्रोजेक्टरच्या खोलीत स्टुलावर उभी राहून बघायची. जवाहररावांनी ही ओळख नानासोंना लेखी कळवली. नातं नाही ना, मग हरकत नाही, असं उत्तर आलं. पण आपला तो बाब्या असं उद्या गाव म्हणेल, ही धास्ती त्यांच्या मनातून गेली नाही. त्यांनी ठरवलं की या चित्रपटाला जरा जास्तच कसून तपासायचं. स्पर्धेचे चारही दिवस चांदसाहेबाला भेटायचं नाही, असंही ठरवलं आणि पाळलं. तो थिएटरच्या दारात दिसला, तर हे जिन्याकडं तोंड करून उभे राहिले.

चित्रपट गलाईवाल्यांचा होता. सोनं-चांदी मुशीत घालून गाळायचं हे काम करायला आटपाडी, खानापूरकडची माणसं देशभर पांगलेली आहेत. कोणत्याही शहराच्या सराफ बाजारात मागच्या बोळात गेलं की भट्टीशी बसलेला एखादा आपल्याकडचा गडी सापडतो. ‘मूस’मधला नवरा असाच कोइंबतूरला बावीस वर्षं राहून, तेजाबाच्या वाफेनं खोकत, कायमचा गावी परत येतो. बायको हरणाबाई. तिनं बावीस वर्षं घर, म्हशी आणि सासू एकटीनं चालवलेली. आता या दोघांना एका घरात राहायचं कसं तेच कळत नाही. तो तिच्या चुलीशी जाऊन बसतो आणि ती त्याला पाहुण्यासारखा चहा देते. पावणेसहा झाले तेव्हा तो म्हशीची धार काढायचा प्रयत्न करत होता आणि म्हैस त्याला जवळ येऊ देत नव्हती. जवाहररावांना मनातून वाटलं, पोरीनं काय बघितलंय हे. मग ते उठले.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला त्यांनी लिंक उघडली आणि म्हशीपासून पुढं चित्रपट पाहिला. शेवटी हरणाबाई नवऱ्याची पिशवी भरते, त्याला आटपाडीच्या स्टँडवर नेते, बसमध्ये बसवते आणि एकटी परत फिरते. जवाहररावांनी वहीत लिहिलं : ‘शेवट ठरीव. बस, धूळ, पाठमोरी बाई. खोकणाऱ्या नवऱ्याला आपल्या हातानं परत भट्टीकडं पाठवणारी बायको त्या मुलखात नाही.’ लिहिताना त्यांना वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणजेच आपण निःपक्षपाती आहोत, असं त्यांना आणखी वाटलं आणि त्याचं समाधान झालं. माणसाचं हे असं असतं.

ज्यूरीची बैठक शेवटच्या दिवशी सकाळी दहाला हॉटेलात झाली. अध्यक्ष होत्या श्रीलंकेच्या शिरोमी वीरक्कोडी, साठीच्या, चाळीस वर्षं चित्रपटांचं संकलन केलेल्या, कमी बोलणाऱ्या. तिसरा प्रांजल नावाचा पुण्याचा माहितीपटकार, पस्तिशीचा. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. छायाचित्रणाचं आणि अभिनयाचं पारितोषिक तासाभरात ठरलं. सुवर्णहळकुंडाशी येऊन घोडं अडलं. प्रांजलला किर्गिझस्तानचा चित्रपट हवा होता. अक्रोडाच्या रानावरून अबोला धरलेल्या दोन भावांची गोष्ट होती ती, आणि चांगलीच होती. शिरोमीबाईंना ‘मूस’ हवा होता. त्या म्हणाल्या, स्टँडवरचा तो शेवट बघून मला रात्री झोप लागली नाही.

दोघांनी जवाहररावांकडं पाहिलं.

जवाहररावांनी वही उघडली, चष्मा पुसला आणि सावकाश सांगितलं. “स्टँडवर ती बाई जे करते ते खोटं आहे. त्या भागातली बायको असं करणार नाही. मी चाळीस वर्षं त्या लोकांच्यात वावरलोय. मला ती माणसं ठाऊक आहेत.”

शिरोमीबाई म्हणाल्या की मी त्या मुलखातली नाही, तुम्ही आहात. त्या गावची बाई असं करणार नाही असं तुम्ही म्हणत असाल, तर माझ्यापाशी त्याला उत्तर नाही. मला जे धाडस वाटलं ते कदाचित बाहेरच्याला बरं दिसेल असं काहीतरी असेल. त्यांनी आपलं मत सोडलं नाही, पण वादही पुढं नेला नाही. दोन विरुद्ध एक, किर्गिझस्तानच्या बाजूनं. बारा वाजता तिघांनी कागदावर सह्या केल्या आणि नानासोंनी तो लिफाफ्यात घालून लाखेनं बंद केला. लाखेची हौस त्यांना कॉलेजातल्या प्रश्नपत्रिकांपासूनची.

सह्या झाल्या म्हणजे आता चांदसाहेबाला भेटायला हरकत नाही, असं ठरवून जवाहररावांनी त्याला दुपारी घरी जेवायला बोलावलं. निकालाबद्दल अवाक्षर काढायचं नाही हे दोघांनाही न सांगता ठाऊक होतं. चांदसाहेब पंचाहत्तरीचा, एका कानानं कमी ऐकणारा. प्रोजेक्टरच्या आवाजानं तो कान गेला, असं तो अभिमानानं सांगायचा. पानावर बसला, मुगाची आमटी दोनदा घेतली, आणि मग नातीचं कौतुक त्याला आवरेना.

पोरीनं कसा जीव काढला बघ, तो सांगत होता. गेल्या महिन्यात सगळा चित्रपट तयार झालेला, अर्जाला पाठवलेला. एक दिवस आईजवळ बसली होती आणि एकदम उठली. शेवट चुकलाय म्हणाली. पुन्हा माणसं गोळा केली, पुन्हा स्टँडवर दोन दिवस शूटिंग केलं, आणि नवी प्रत महोत्सवाला हातात आणून दिली.

“आदी तिनं गड्याला गाडीत बसवलं हुतं,” चांदसाहेब म्हणाला. “आता बाईच चढती. पिशवी त्याच्यासाठी भरती, स्टँडवर आणती, आन् सोताच जाऊन बसती. कोइंबतूर बघायला. गडी खाली. म्हशी त्याच्या गळ्यात. काय रं, तू बघितलाच की.”

जवाहररावांचा घास हातात राहिला.

“बाई चढती गाडीत?” आमटी वाढता वाढता चंदनबालानं विचारलं. चांदसाहेबानं मान हलवली. ती पळी घेऊन तशीच थोडा वेळ उभी राहिली आणि आत गेली.

चांदसाहेब गेल्यावर जवाहरराव हात न धुता बसून राहिले. त्यांना लाज वाटत होती. साधी, शाळेतल्या पोराला वाटावी तशी लाज. एकेचाळीस वर्षं ज्या गोष्टीवरून त्यांनी लोकांना सर्वांदेखत गप्प केलं, तीच त्यांनी केली होती. शिवाय ती सहीनिशी केली होती, आणि वर ‘मला ती माणसं ठाऊक आहेत’ असं म्हणून केली होती. शिरोमीबाईंनी पाहिलेल्या शेवटाला त्यांनी न पाहताच खोटं ठरवलं होतं, आणि बाईंनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता.

त्यांनी नानासोंना फोन लावला. नानासोंनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणला. लिफाफा बंद झालाय, किर्गिझस्तानच्या माणसाला चार वाजता पहिल्या रांगेत बसायला सांगितलंय, पाहुणे कराडपर्यंत पोचलेत. “आवं चौगुले, हे फकस्त तुमाला आन् मला म्हाईत,” ते म्हणाले. “तुमचं नाव खराब व्हईल. कशाला उकरून काढताय?”

यात मोह नव्हता असं नाही. जवाहररावांनी फोन खाली ठेवला. अक्रोडाचा चित्रपट चांगला होता. त्याला बक्षीस मिळालं तर कुणावर अन्याय झाला असं कुणीही म्हणणार नव्हतं. आयेशा तरुण होती, आणखी चित्रपट काढील. हे सगळं त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. मग चप्पल घालून ते रिक्षानं हॉटेलात गेले, कारण हे तसंच ठेवून उद्यापासून पेठेत ताठ चालणं त्यांना जमलं नसतं.

अडीच वाजता तिघं पुन्हा बसले. जवाहररावांनी जेवणाचं, लिंकचं आणि जुन्या प्रतीचं, काही राखून न ठेवता सांगितलं. प्रांजल हसला आणि मग त्याला हसू आवरून घ्यावं लागलं. शिरोमीबाईंनी फक्त महोत्सवाची नियमावली मागवली. नियम सरळ होता. स्पर्धेत दाखवलेली प्रत पूर्ण न पाहिलेल्या सदस्याला त्या चित्रपटाबद्दल मत देता येत नाही. उरलेल्यांची मतं समान पडली तर अध्यक्षांचं मत निर्णायक.

प्रांजलनं हरकत घेतली. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. दुपारी बारा ते अडीचच्या दरम्यान निकाल फिरला आणि स्थानिक मुलीच्या पदरात पडला, असं बाहेर दिसेल. एका सदस्यानं त्या मुलीच्या आजोबाला मधल्या वेळात घरी जेवू घातलंय, हेही लोकांना कळेल. पाहुण्या दिग्दर्शकाला काय तोंड दाखवायचं?

“खरं कारण लिहा,” जवाहरराव म्हणाले. “माझं नाव घालून लिहा. जेवायला उठलो हे लिहा. आणि ते स्टेजवरून वाचा.”

शिरोमीबाईंनी त्यांना विचारलं की राहिलेला भाग तुम्ही आत्ता बघता का, अजून वेळ आहे, म्हणजे तुमचं मत वैध होईल. जवाहररावांनी नको म्हटलं. बारा वाजता जी जीभ विटाळली तिला तीन वाजता पुन्हा न्यायाला बसवणं त्यांना पटेना. त्यांनी आपलं मत मागं घेतलं आणि बाहेर जाऊन व्हरांड्यात बसले. आत लाखेचा लिफाफा फाडल्याचा आवाज त्यांना ऐकू आला.

चार वाजता थिएटर भरलेलं होतं. भाषणं झाली, छोटी पारितोषिकं झाली. मग ज्यूरीचं निवेदन शिरोमीबाईंनी इंग्रजीत वाचलं आणि नानासोंनी मराठीत. नानासोंचा आवाज चांगला खणखणीत, पण त्या एका वाक्याला तो बसला. “ज्यूरीचे सदस्य श्री. जवाहर चौगुले हे भोजनासाठी उठल्यामुळे ‘मूस’ हा चित्रपट पूर्ण पाहू शकले नाहीत. तो पूर्ण न पाहता त्यांनी त्याच्याविरुद्ध मत नोंदवलं होतं. ते त्यांनी मागं घेतलं आहे.” थिएटरात कुजबुज सुरू झाली. मागून कुणीतरी ‘तुमी पुरता बघितला का?’ असं बारीक आवाजात म्हणालं आणि दोन-तीन रांगा हसल्या. दुसऱ्या रांगेत जवाहररावांचा मुलगा भरतेश मान खाली घालून मोबाइल बघत राहिला. जवाहरराव स्टेजवरच्या खुर्चीत बसले होते. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना.

सुवर्णहळकुंड आयेशाला मिळालं. ती सावकाश आली, ते घेतलं, आटपाडीच्या गलाईवाल्यांच्या घरातल्या बायकांनी चित्रपटात काम केलंय, त्यांना आता तो गावात बघायला मिळेल एवढंच बोलली आणि उतरली. किर्गिझस्तानच्या दिग्दर्शकानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याला सगळा प्रकार कुणीतरी समजावून सांगितला असावा, कारण नंतर त्यानं येऊन जवाहररावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं. ते चांगलं होतं की वाईट, हे कुणाला सांगता आलं नाही.

चांदसाहेब जिन्यात भेटला. तो इतकंच म्हणाला, “माझ्या नातीच्या पिच्चरमधनं उठून गेलास व्हय रं?” आणि उत्तराची वाट न बघता पुढं गेला. चाळीस वर्षांत तो त्यांच्याशी असं बोलला नव्हता.

रिवाजाप्रमाणं विजेता चित्रपट लगेच पुन्हा दाखवायचा होता. पाच वाजता. डबा घेऊन चंदनबाला आज लवकर आली होती आणि मॅनेजरच्या खोलीत न बसता सरळ थिएटरात येऊन जवाहररावांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. मला बघायचाय, असं तिनं सांगितलं. निवेदन वाचलं जाताना ती तिथंच होती की काय, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.

चित्रपट सुरू झाला. जवाहररावांनी तो पहिल्यापासून नव्यानं पाहिला. मधेच त्यांचा डावा हात सवयीनं वर आला आणि त्यांनी घड्याळ पाहिलं. पावणेसहा. ते खुर्चीच्या कडेला सरकले. चंदनबालानं पडद्यावरची नजर न काढता त्यांच्या कोपराला हात लावला आणि म्हणाली, “बसा.” ते बसले. मग म्हशीचा प्रसंग आला आणि गेला. बाहेर दिवस मावळला असणार. डबा तिच्या मांडीवर होता आणि आता तो उद्यापर्यंत दोघांच्याही कामाचा नव्हता.

हरणाबाईनं पिशवी भरली. नवऱ्याचे दोन शर्ट, औषधाची बाटली, भाकरी. स्टँडवर दोघं बाकावर बसली. बस लागली. नवरा उठला, आणि हरणाबाईनं त्याला हातानं खाली बसवलं. पिशवीतले त्याचे दोन शर्ट काढून त्याच्या मांडीवर ठेवले, औषधाची बाटली ठेवली, सकाळची धार सहाच्या आत काढ असं सांगितलं आणि पिशवी घेऊन ती बसमध्ये चढली. पाठमोरी बाई नव्हती. खिडकीतून ती पुढं बघत होती आणि तिच्या तोंडावर भीती होती, हौस होती आणि थोडं हसूही होतं.

दिवे लागल्यावर लोक आयेशाभोवती जमले. गर्दी ओसरली तशी ती या दोघांकडं आली. हळकुंडाची पेटी तिनं काखेत धरली होती. जवाहररावांनी तिची माफी मागायला तोंड उघडलं, पण तिनं त्यांना बोलू दिलं नाही.

“आबा, ते झालं. आता पुरता बघितलाय न्हवं? मग सांगा. कसा वाटला?”

तिनं हे चेष्टेनं विचारलं नव्हतं. प्रोजेक्टरच्या खोलीत स्टुलावर उभी राहिलेली मुलगी दर रविवारी हेच विचारायची, आणि या माणसाच्या मतावर ती अर्धा सिनेमा शिकली होती. दिवसभरात इतकं गमावल्यावर ‘छान झालाय पोरी’ एवढं म्हणणं अगदी सोपं होतं. पण जवाहरराव ते जवाहररावच.

“लय चांगला केलायस,” ते म्हणाले. “म्हशीचा भाग तर लयच. पण पोरी, शेवट मला अजूनबी पटत न्हाई. आपल्याकडची बाई अशी एकटी उठून जात न्हाई. घर टाकून, नवरा टाकून. तसं तिच्या मनातबी येत न्हाई. मला ठाऊक हाय.”

बोलली ती चंदनबाला.

“तुमी कवा इचारलं हुतं?”

जवाहररावांनी तिच्याकडं पाहिलं. ती रागावलेली नव्हती. दुकानात भाव विचारावा तसं तिनं ते विचारलं होतं आणि डब्याचं झाकण घट्ट आहे का ते ती बघत होती.

“आजी, तुमी कुठं गेला असता?” आयेशानं विचारलं.

“विजापूरला,” चंदनबाला म्हणाली. तिला क्षणभरही आठवावं लागलं नाही. “कीर्तीकडं. माझ्या माहेरची मैत्रीण. बावीस सालं झाली, भेट न्हाई. तिला संधिवात झालाय म्हणं, आता तिला काय येता येत न्हाई.”

कीर्ती हे नाव जवाहररावांनी चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं. कोण ही, केव्हाची, तिचं आडनाव काय, हे सगळं एकदम विचारावंसं त्यांना वाटलं. बायकोच्या तोंडाकडं बघता बघता त्यांना कळलं की यातलं काहीच आता आपल्याला विचारता येणार नाही.

“विजापूरची गाडी कवा असती?”

“सकाळी साडेसातला,” चंदनबाला म्हणाली. “मिरज स्टँडवरनं. दुसरी साडेनवाला हाय, पर तिला लय गर्दी असती.”